आतली जागा

"तुमच्यापैकी कुणी दिल्या या गोळ्या?"

जगदाळे सरांच्या सुनेनं गोळ्यांची पट्टी काउंटरवर आपटली. रडून तिचे डोळे सुजले होते, पण आवाज रडका नव्हता. औषधं घ्यायला आलेली माणसं बाजूला सरकली आणि ऐकत उभी राहिली.

मी पट्टी उचलून पाहिली. मधुमेहाची गोळी. सरांना एक मिलिग्रॅमची लिहून दिलेली होती, ही चारची होती. कंपनी तीच, रंग तोच, फरक तेवढा त्या बारीक आकड्याचा.

"सर कुठं आहेत?" माझ्या थोरल्या बहिणीनं, कुमुदताईनं विचारलं.

"आयसीयूत. सकाळी बाथरूममध्ये पडलेले सापडले. साखर पार उतरली होती. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर..." तिनं वाक्य सोडून दिलं. "मागच्या सोमवारी दुपारी तेच येऊन घेऊन गेले होते. तुमच्याकडूनच. पंचवीस वर्षं तुमच्याकडूनच नेतात ते."

कुमुदताईनं माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"वृंदा, सोमवारी दुपारी तू असतेस ना गं?"

सोमवारची दुपार माझीच असायची. मी आठवू लागले. सरांची खादीची पिशवी, त्यांचं ते हसून 'काय म्हणतंय कराड' विचारणं. मागचा सोमवार म्हणून वेगळं काही हाती लागेना. जिथं आठवण असायला हवी तिथं नुसतं कोरं होतं.

"असेन," मी म्हणाले. "मीच दिल्या असतील."

आमच्या वडिलांनी कराडात मंडईजवळ हे दुकान काढलं होतं. त्यांच्यामागं आम्ही दोघी बहिणी ते चालवत होतो. दोघीही फार्मसी शिकलेल्या. ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. तिचा नवरा लवकर गेला आणि ती माहेरी आली. मी लग्न केलंच नाही. दुकानावरच्या दोन खोल्यांत आम्ही राहायचो.

औषधात चूक होणं म्हणजे काय, हे आम्हाला कुणी सांगायला नको होतं. पण त्या दिवशी माझे हातपाय गार पडले ते त्या चुकीनं नव्हे. आईमुळे.

आई चोपन्न वर्षांची असताना विसरायला लागली. आधी गॅस, किल्ल्या, नावं. मग एक दिवस ती दुकानामागच्या साठ्याच्या खोलीत शिरली आणि तिनं आतून कडी लावली. आम्ही दोघी दार वाजवत होतो, 'आई, आम्ही आहोत' म्हणत होतो, आणि आतून ती ओरडत होती, "माझ्या पोरी शाळेतून यायच्यात, तुम्ही जा इथनं!" दार फोडलं तेव्हा ती खोक्यांच्या मागं अंग चोरून बसली होती. आम्हाला बघून तिनं हात जोडले. मारू नका म्हणाली. त्यानंतर ती सात वर्षं जगली.

सरांच्या गोळ्यांचं हे झालं तेव्हा मी बावन्न वर्षांची होते. जगदाळे सरांची सून निघून गेल्यावर ताईनं अर्धं शटर ओढलं, मला स्टुलावर बसवलं आणि पाणी दिलं.

"होतं असं," ती म्हणाली. "कुणाच्याही हातून होतं."

"ताई, मला आठवतच नाहीये."

ती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. आम्ही दोघीही एकच गोष्ट मनात आणत होतो आणि ती तोंडातून काढत नव्हतो.

सर वाचले. तीन आठवड्यांनी काठी टेकत घरी आले. त्यांच्या घरच्यांनी तक्रार केली नाही. सरांनीच करू दिली नाही म्हणे. मला त्यानं बरं वाटायला हवं होतं.

ताईनंच चौकशी करून पुण्याचा पत्ता काढला. ज्यांच्या घरात आईला किंवा वडिलांना कमी वयात विसर पडायला लागला, अशा भावंडांची तिथं तपासणी चालली होती. डॉक्टर मूळच्या सांगलीच्या, तस्नीम मुजावर. चाळिशीच्या असतील. बोलणं शांत. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि ताईकडं वळून म्हणाल्या, "तुमचंही स्कॅनिंग करूया. एकाच घरातल्या दोघींचं असलं की तुलना करायला बरं पडतं."

"माझं कशाला?" ताई म्हणाली. "मला काय झालंय?"

"काही झालं नाही म्हणूनच."

स्कॅनिंगच्या नळीत मला आत सरकवलं तेव्हा मी डोळे घट्ट मिटले होते. डोक्यावर पिंजऱ्यासारखं काहीतरी बसवलेलं. मग ठोकाठोक सुरू झाली, पत्र्यावर कुणी हातोडे मारावेत तशी. मी मनातल्या मनात औषधांची नावं म्हणत होते, अकारविल्हे. मध्येच एक नाव सापडेना. बाहेर काढलं तेव्हा मशीन चालवणाऱ्या मुलीनं विचारलं, "मावशी, त्रास झाला का?" मी तिला त्या औषधाचं नाव विचारलं. ती गोंधळून बघत राहिली.

स्मरणशक्तीच्या चाचणीतही माझी दाणादाण उडाली. पाच शब्द सांगून थोड्या वेळानं विचारले, तर मला दोन सांगता आले. आदल्या रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता. ताईची चाचणी मात्र नुसती नावापुरती घेतली. ती हसत हसत देऊन आली.

निकाल ऐकायला आम्ही दोघी डॉक्टरांच्या खोलीत बसलो. समोरच्या पडद्यावर करडी, गोल चित्रं होती.

"हे बघा," डॉक्टर म्हणाल्या, "कवटीच्या आत जी पोकळी असते, ती तरुणपणी मेंदूनं जवळजवळ भरलेली असते. पुढं मेंदू आकसला, तरी पोकळी तेवढीच राहते. हाड काही आत येत नाही. म्हणून आम्ही आधी पोकळी किती मोठी ते मोजतो, मग मेंदू मोजतो. नाहीतर काय होईल, लहान डोक्याच्या माणसाचा मेंदू मुळातच लहान असतो, आणि आपण उगाच म्हणायचो की आकसला."

"मग हिचं?" ताईनं विचारलं.

डॉक्टरांनी एका चित्रावर बोट ठेवलं. "वृंदाताईंची पोकळी संगणकानं बरीच मोठी मोजलीय. आणि त्या मानानं मेंदू लहान दिसतोय. या वयाला असायला हवा त्यापेक्षा बराच."

"आणि माझं?"

"तुमचं छान आहे. पोकळी जवळपास भरलेली."

मग त्या आणखी काही सांगत होत्या. हे माप संगणकानं काढलंय, मी अजून हातानं तपासलेलं नाही, एवढ्यावरून आजार आहे असं मी म्हणणार नाही, काही महिन्यांनी पुन्हा बघू. त्या हे अगदी स्वच्छ बोलल्या होत्या. पण माझ्या कानात फक्त 'लहान दिसतोय' राहिलं होतं. परतीच्या गाडीत ताईनं सगळा वेळ माझा हात धरून ठेवला होता. मी खिडकीतून खंबाटकीचा घाट बघत होते आणि साठ्याच्या खोलीतली आई मला दिसत होती.

त्यानंतर मी काउंटरवर उभी राहिले नाही.

वर बसून मी काय करायचे? स्वतःवर पाळत ठेवायचे. सकाळी उठल्यावर वार, तारीख, पंतप्रधान, शेजाऱ्यांच्या मुलांची नावं. दात घासताना कालच्या जेवणातले पदार्थ. एखादा सापडला नाही की छातीत धडधड सुरू व्हायची आणि मग पुढचं काहीच सापडायचं नाही.

आणि पुरावे तर रोजच मिळत होते. "अगं, काल सांगितलं होतं ना तुला, गॅसवाला येणार म्हणून?" ताई म्हणायची. मला तिनं सांगितल्याचं काही आठवायचं नाही. दुकानाच्या किल्ल्या एकदा तांदळाच्या डब्यात सापडल्या. डबा मी उघडला होता का? उघडला असेन. ताईनं त्या किल्ल्या बघितल्या, माझ्याकडं बघितलं आणि डोळ्यांना पदर लावला.

एका दुपारी मी झोपले होते. जळकट वासानं जाग आली. खोलीभर धूर, गॅसवर दुधाचं पातेलं काळंठिक्कर पडलेलं, आणि ताई जिन्यातून धापा टाकत वर येत होती.

"वृंदा! अगं दूध ठेवून झोपलीस?"

"मी ठेवलं?"

"मग कुणी ठेवलं? मी तर खाली आहे."

मी खाली जमिनीवर बसले आणि मोठ्यानं रडले. तीही माझ्याजवळ बसली. "मी आहे तोवर तुला काही होऊ देणार नाही," ती म्हणाली. त्या दिवसापासून ती गॅसचा रेग्युलेटर बंद करून खाली जायची. रात्री दाराला कुलूप लावून किल्ली स्वतःच्या उशीखाली ठेवायची, मी कुठं निघून जाऊ नये म्हणून. मला त्याचा राग आला नाही. उलट वाटायचं, हिच्याशिवाय माझं काय होईल? आणि अंथरुणावर पडल्या पडल्या दुसरीच भीती यायची. एक दिवस मी हिलाच ओळखणार नाही. हिच्यापुढं हात जोडीन आणि मारू नको म्हणीन.

पुण्याहून फोन आला तो दुकानात, ताईनं घेतला. जेवताना म्हणाली, "डॉक्टरांनी बोलावलंय तुला. गुरुवारी."

"तू येशील ना?"

"दुकान कुणावर टाकू? मी गाडीत बसवून देते. परतीला त्यांच्याच माणसाला सांग, बसवून दे म्हणून."

गुरुवारी सकाळी तिनं मला एसटीत बसवलं, पदराला नंबर लिहिलेली चिठ्ठी पिनेनं लावली आणि कंडक्टरला म्हणाली, "हिला स्वारगेटलाच उतरवा हां. मध्ये कुठं उतरू देऊ नका." आजूबाजूची माणसं माझ्याकडं बघायला लागली. मी मान खाली घातली.

डॉक्टर मुजावर माझ्या मागं दाराकडं बघत होत्या.

"कुमुदताई कुठंयत?"

"ती नाही आली. दुकान असतं."

"पण मी दोघींना बोलावलं होतं. त्यांच्याशीच बोलले मी फोनवर. तुम्ही दोघी आल्याशिवाय नको म्हणून दोनदा सांगितलं."

"मला म्हणाली, मलाच बोलावलंय म्हणून."

डॉक्टरांनी दार लावून घेतलं. मग खुर्ची पुढं ओढून म्हणाल्या, "बसा. आधी तुमचं सांगते. तुमचा मेंदू व्यवस्थित आहे."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"माप चुकलं होतं," त्या म्हणाल्या. "तुमच्या कपाळाचं हाड आतल्या बाजूनं जाड झालंय. पाळी गेल्यावर काही बायकांचं होतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण त्या चित्रात ते हाड उजळ दिसतं, आणि संगणकानं ते हाडच पोकळीत धरलं. पोकळी मोठी झाली, म्हणून मेंदू लहान वाटला. मला ते चित्र खटकत होतं. मग त्याच दिवशी काढलेलं दुसऱ्या प्रकारचं चित्र मी बघायला घेतलं. त्यात मेंदूभोवतीचं पाणी पांढरं चमकतं, हाड काळं राहतं, सीमा स्पष्ट कळते. एकेका चित्रावर हातानं रेघ काढली. तुमची पोकळी लहानशीच आहे वृंदाताई, आणि ती भरलेली आहे."

"पण चाचणी? मला शब्द आठवले नाहीत. आणि घरी दूध करपलं, किल्ल्या तांदळात सापडल्या..."

"चाचणीच्या दिवशी तुम्ही थरथरत होता. आज पुन्हा घेऊ."

त्यांनी घेतली. सगळे शब्द आठवले. उलटे, सुलटे, मध्येच गप्पा मारून विचारले तरी आठवले. मी हसले. किती महिन्यांनी हसले होते कोण जाणे. पण डॉक्टर हसत नव्हत्या.

"सरांना चुकीच्या गोळ्या गेल्या, दूध करपलं, किल्ल्या हरवल्या," त्या हळूहळू म्हणाल्या, "हे सगळं तुम्ही केलं, असं तुम्हाला आठवतं का?"

"नाही. म्हणूनच तर..."

"मग तुम्ही केलं, हे तुम्हाला कसं कळलं?"

"ताई म्हणाली," मी म्हणाले.

खोलीतला पंखा फिरत होता. डॉक्टरांनी टेबलावरचं पेन उचललं, परत ठेवलं.

"डॉक्टर, ताईचं माप? तेही चुकलं होतं?"

"त्यांचं मी त्यांनाच सांगेन. तो त्यांचा हक्क आहे." मग त्यांनी विचारलं, "त्या आत्ता काय करत असतील?"

"दुकानात असेल."

"बरोबर कोण असतं?"

"कुणी नाही. मी बसत नाही ना आता. एकटीच सगळ्यांना औषधं देते."

डॉक्टरांचा चेहरा बदलला. तो मी आजही विसरलेले नाही. "वृंदाताई," त्या म्हणाल्या, "त्यांना आज काउंटरवरून उठवा. कसंही करून. आणि उद्या सकाळी माझ्याकडं घेऊन या."

मी तिथून बाहेर पडले. डोक्यात एकच विचार होता, या क्षणाला काउंटरच्या पलीकडं कोण उभं असेल? कुणाच्या हातात कसली पट्टी पडत असेल? हृदयाच्या गोळ्या, फिटच्या गोळ्या, तान्ह्या पोरांची थेंबाची औषधं. आणि ताई चष्मा नाकावर घेऊन, हसून, नीट पुडी बांधून देत असेल.

कराडला पोचायला चार तास तरी लागले असते. शेजारच्या कापडवाल्यांना फोन करून शटर ओढायला सांगावं, तर ताई विचारणार का म्हणून, आणि साऱ्या मंडईत तिचा तमाशा होणार. तिला खरं सांगावं? फोनवर? 'ताई, तू उठ, तुला आईचं झालंय' असं?

स्वारगेटला पोचून मी तिला फोन लावला.

"ताई, मला कळत नाहीये मी कुठं आहे."

"म्हणजे?"

"खूप गाड्या आहेत. माणसं आहेत. कुठल्या गाडीत बसायचं ते आठवत नाही." आवाज थरथरवायची गरजच नव्हती.

"वृंदा, घाबरू नको. पाटी बघ. काय लिहिलंय?"

"स्वारगेट."

"तिथंच बस. हलू नको. कुणी काही दिलं तर खाऊ नको. मी निघाले. आत्ता निघाले."

फोन तिनं बंद केला नव्हता. मागून कुणीतरी म्हणालं, "ओ ताई, माझ्या गोळ्या राहिल्या की." आणि ताईचा आवाज आला, "उद्या या बाबा. माझी बहीण हरवलीय." मग शटर खाली आलं. तो खडखडाट ऐकून मी डोळे मिटले.

सुटकेचा श्वास मला फार वेळ मिळाला नाही. दुकान बंद झालं, पण मी काय केलं होतं? जिला जपायचं तिलाच एकटीला महामार्गावर काढलं होतं. मी परत फोन लावला. वाजत राहिला. घाईत ती तो दुकानातच विसरली असणार.

सगळी दुपार मी त्या फलाटावर काढली. सांगली आली, कोल्हापूर आली, इस्लामपूर, विटा. प्रत्येक गाडीच्या दारात जाऊन उभी राहायचे. उतरणारी प्रत्येक पोक्त बाई मला ताई वाटायची. सातारला चहाला उतरली आणि गाडी निघून गेली तर? घाटात कुठंतरी 'मला इथं उतरायचंय' म्हणाली तर? चौकशीच्या खिडकीतल्या माणसाला मी तिचं वर्णन सांगितलं. तो म्हणाला, "कुठल्या गाडीत बसल्या ते तरी सांगा बाई." ते मला माहीत नव्हतं.

तिथंच, त्या धुरात उभी असताना, मला तो सोमवार आठवला. त्या सोमवारी मी दाढ काढून आले होते. तोंडात कापूस धरून वर पडून होते आणि ताई म्हणाली होती, "झोप तू, आजची दुपार मी बघते." दाढेची ती खाच मी आता जिभेनं चाचपली. इतके महिने ती माझ्या तोंडात होती आणि मी तिला विचारलं नव्हतं.

दिवे लागायच्या सुमाराला ती मला सापडली. कराडच्या फलाटावर नाही, पार दुसऱ्या टोकाला, बारामतीच्या गाड्या लागतात तिथल्या बाकावर. पिशवी मांडीवर घट्ट धरून बसली होती. केस विस्कटलेले. दुकानाच्या किल्ल्या मुठीत.

"ताई!"

तिनं वर बघितलं आणि हसली. ते हसू मी ओळखत होते. ते गिऱ्हाइकांसाठीचं हसू होतं.

"काय हवंय?" तिनं विचारलं.

मी तिच्यासमोर खाली बसले, तिच्या गुडघ्यांवर हात ठेवले. हळूहळू तिचा चेहरा जागेवर आला.

"वृंदा? अगं, तू इथं कशी?"

"तू मला न्यायला आलीस ना."

"तुला?" ती विचारात पडली. "हो. कुणीतरी हरवलंय एवढं माहीत होतं. गाडीभर आठवत आले, कोण हरवलंय, कोण हरवलंय. मग वाटलं, इथं बसावं. ज्याचं हरवलंय ते माणूस येईल शोधत."

मी तिच्याजवळ बसले. तिनं माझी ओंजळ आपल्या हातात घेतली. तिचे हात गार होते. ती समोरच्या गाड्यांकडं बघत होती. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "तू हरवली नव्हतीस ना?"

"नाही."

"डॉक्टरांनी दोघींना बोलावलं होतं. मला माहीत होतं. त्या दोनदा म्हणाल्या." तिचा आवाज एकदम बारीक झाला. "मला नव्हतं यायचं गं. तुलाच आईचं झालंय असं ठरलं तेव्हा मला वाटलं, म्हणजे मी सुटले. आणि मग दूध... त्या दिवशी जिना चढताना मला वाटलं होतं, हे मीच तर नाही ना ठेवलं? पण तू रडायला लागलीस, आणि मला वाटलं, नाही, हिनंच." ती माझ्याकडं वळली. "सरांना त्या गोळ्या कुणी दिल्या, वृंदा?"

"आपल्या दुकानातून गेल्या, ताई."

"माझ्या हातून."

मी तिला कुशीत घेतलं. माझ्या खांद्यावर तोंड ठेवून ती एवढंच म्हणत राहिली, "मला भीती वाटते गं. मला फार भीती वाटते."

या सगळ्याला आता बरीच वर्षं झाली. पुढचं थोडक्यात सांगते. ताई परत काउंटरवर बसली नाही. मीही फार दिवस नाही. दुकान आमच्या एका चुलतभावानं चालवायला घेतलं. जगदाळे सरांच्या घरी मी स्वतः गेले आणि खरं सांगितलं. सर ऐकून घेऊन म्हणाले, "कुमुदला घेऊन येत जा संध्याकाळची." आणि चालता येत होतं तोवर ती माझ्याबरोबर त्यांच्याकडं जात राहिली. शेवटची दोन वर्षं ती मला ओळखत नव्हती. पण मला भ्यालीही नाही. मी जे रोज डोळ्यांसमोर आणलं होतं, हात जोडणं, दार लावून घेणं, ते तिच्या बाबतीत झालं नाही. का झालं नाही, मला माहीत नाही. आईचं तसं झालं, हिचं झालं नाही.

पण दुसऱ्या दिवशी सकाळचं सांगायचं राहिलं. रात्र आम्ही स्वारगेटजवळच्या एका लॉजवर काढली होती. सकाळी ताईनं माझ्याकडून वेणी घालून घेतली, साडीच्या निऱ्या नीट केल्या आणि डॉक्टरांच्या समोर ताठ बसली.

"मोजलंत तुम्ही माझं?"

"हो. हातानं."

"आधी चांगलं आहे म्हणालात."

"तिथंही माप चुकलं होतं," डॉक्टर म्हणाल्या. "पहिल्या चित्रात पाणीही काळं दिसतं आणि हाडाची आतली कडाही काळी. मेंदूभोवती जे पाणी साचलंय, ते संगणकाला हाडच वाटलं. त्यानं ते बाहेर टाकलं आणि पोकळी लहान धरली. म्हणून ती भरलेली वाटली. माझी चूक ही, की मी ते लगेच तपासलं नाही. त्याची मी माफी मागते."

"आकडे नकोत," ताई म्हणाली. "दाखवा."

डॉक्टरांनी पडदा तिच्याकडं वळवला. काळ्या कड्याच्या आत पांढरं कडं, आणि त्याच्या आत सुरकुतलेला करडा गोळा. ताईनं चष्मा लावला आणि दुकानात चिठ्ठ्यांवरचं बारीक अक्षर वाचताना वाकायची तशी पुढं वाकली.

"हे पांढरं म्हणजे पाणी?"

"हो. थोडं सगळ्यांच्याच असतं. तुमच्या इथं जास्त आहे."

"हे यायच्या आधी इथं काय होतं?"

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं, मग तिच्याकडं. "मेंदू."

"माझाच?"

"तुमचाच."

ताईनं पडद्यावर बोट टेकलं. पांढरं संपून काळं सुरू होत होतं त्या कडेवर. तिथून ती बोट हळूहळू फिरवत गेली, कपाळावरून, मागं, खाली, आणि सगळा वळसा पुरा केला. रेघ तिनं कुठंच सोडली नाही.

"हे नाही ना आकसत?"

"नाही," डॉक्टर म्हणाल्या. "हे जेवढं आहे तेवढंच राहतं."

ताईनं बोट काढलं, चष्मा काढला आणि माझ्याकडं वळली.

"बघ गं वृंदा," ती म्हणाली, "केवढी होते मी."